फर्नेस विझते कधी, ते आधी बघा

न्यू जर्सीत, शिकागोत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी घरांमधून कडाक्याची थंडी पडली की एक प्रश्न हमखास फोनवर फिरतो : फर्नेस पेटते, जरा चालते आणि बंद पडते, काय करू? विचारणारा बहुतेक वेळा पुण्या-नाशकात वाढलेला असतो. तिथे थंडी म्हणजे स्वेटर, जाड रजई आणि सकाळी बादलीभर कढत पाणी. घर गरम ठेवणारं यंत्र कसं चालतं हे कळून घ्यायची तिथे वेळच येत नाही. इथे मात्र घर घेतलं की ते यंत्र बेसमेंटच्या कोपऱ्यात आयतंच मिळतं. शेजारी गरम पाण्याची टाकी, डोक्यावर पत्र्याच्या चौकोनी डक्टांचं जंजाळ. वर्षानुवर्षं ते मुकाट काम करतं आणि मग एका रात्री थर्मोस्टॅटवर ७० च्या जागी ६१ दिसतं.

फोनवर सल्ल्यांना तोटा नसतो. इग्नायटर गेला असेल, बोर्ड गेला असेल, पंधरा वर्षं झाली ना, मग नवीनच टाक. या सगळ्यात एक साधा प्रश्न राहून जातो, आणि माझ्या मते पहिला तोच विचारायला हवा : पेटल्यावर किती वेळाने विझते? पाच सेकंदांनी, पाच मिनिटांनी, की घर पुरेसं गरम झाल्यावर विझते आणि थोड्याच वेळात पुन्हा पेटते? ही तीन निराळी दुखणी आहेत आणि त्यांचे इलाजही निराळे. कुठलाही भाग विकत आणण्याआधी एक खुर्ची घेऊन फर्नेससमोर बसावं आणि मोबाइलवर सेकंद मोजावेत. झाकणावर बहुधा एक छोटी काच असते, तिच्यातून ज्योत दिसते. कशाला हात लावायची गरज नाही.

काय बघायचं ते कळण्यासाठी क्रम ठाऊक हवा. थर्मोस्टॅट २४ व्होल्टच्या बारीक तारेवरून उष्णता मागतो. कंट्रोल बोर्ड लगेच गॅस सोडत नाही. तो आधी एक लहान पंखा सुरू करतो, त्याला इथले मेकॅनिक इन्ड्यूसर म्हणतात. ज्वलनातून निघणारे वायू घराबाहेर ढकलणं हे त्याचं काम. तो खरोखरच हवा ओढतोय का, हे रबरी नळीने जोडलेला प्रेशर स्विच सांगतो. त्याचा होकार आला की इग्नायटर तापू लागतो. ही सिलिकॉन कार्बाइडची किंवा सिलिकॉन नायट्राइडची बोटभर लांबीची पट्टी असते आणि पंधरा-तीस सेकंदांत ती लालबुंद होते. मग ‘टक्’ असा आवाज येतो, म्हणजे गॅसचा व्हॉल्व्ह उघडला. पहिला बर्नर पेटतो, ज्योत एकाकडून दुसऱ्याकडे पसरत शेवटच्या बर्नरपर्यंत जाते. तिथे एक धातूची काडी ज्योतीत डोकं खुपसून बसलेली असते. तिचं नाव फ्लेम सेन्सर. ज्योत आहे, असं तिने बोर्डाला कळवलं तरच गॅस चालू राहतो. आणखी अर्ध्या-पाऊण मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होतो आणि खोल्यांमधल्या जाळ्यांतून गरम हवा येऊ लागते.

या वाटेवर ठिकठिकाणी पहारेकरी बसवलेले आहेत. त्यांच्यातल्या एकानेही नकार दिला की गॅस बंद. म्हणजे बहुतेक वेळा फर्नेस थांबते ती कुणीतरी थांबवल्यामुळे, आणि कुणी थांबवली ते वेळेवरून ओळखता येतं.

आधी सगळ्यात जास्त भेटणारं दुखणं घेऊ. बर्नर छान निळे पेटतात, तीन ते सात सेकंद जळतात आणि फट्कन विझतात. इन्ड्यूसर पुन्हा घुमतो, इग्नायटर पुन्हा लाल, पुन्हा ज्योत, पुन्हा अंधार. असं तीन-चार वेळा झालं की बोर्ड प्रयत्न सोडतो आणि तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ स्वतःला कुलूप लावून घेतो. मग आपोआप जागा होऊन नव्याने प्रयत्न करतो. ‘रात्री बंद होती, पहाटे उठून पाहिलं तर चालू’ या गूढामागे बऱ्याचदा एवढंच असतं. मेन स्विच बंद करून चालू केला की फर्नेस थोडा वेळ सुधारल्यासारखी वाटते, तेही याच कारणाने. कुलूप उघडलं जातं, दुखणं जागेवरच राहतं.

इथे बहुधा त्या काडीवर बारीक थर चढलेला असतो. पण काडीवरच्या थरामुळे अख्खी फर्नेस का अडावी? कारण ती काडी उष्णता मोजतच नाही. जुन्या फर्नेसमध्ये सतत तेवणारी पायलट ज्योत असे आणि तिच्या उष्णतेवर थर्मोकपल चाले. त्याला थंड-गरम व्हायला वेळ लागे. आताची काडी वीज मोजते. जळत्या वायूत विद्युतभारित कण तयार होतात, म्हणून ज्योतीतून थोडी वीज वाहू शकते. बोर्ड काडीवर एसी व्होल्टेज लावतो. काडी लहान, तर जमिनीशी जोडलेला बर्नर तिच्या तुलनेत खूप मोठा. त्यामुळे ज्योतीतून एका दिशेला प्रवाह सहज जातो आणि उलट दिशेला फारसा जात नाही. एसी घातला तर दुसऱ्या टोकाला डीसीचा अगदी सूक्ष्म प्रवाह मिळतो, एक ते पाच-सहा मायक्रोअँपिअर. मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग.

ही योजना किती हुशारीची आहे ते पाहा. काडी वाकून बर्नरच्या पत्र्याला टेकली तरी प्रवाह वाहेल, पण तो दोन्ही दिशांनी सारखाच वाहेल, म्हणजे एसीच राहील. बोर्ड फसणार नाही. तार तुटली तर प्रवाहच नाही. एसीचं डीसी करून दाखवणं फक्त खऱ्या ज्योतीला जमतं, त्यामुळे ‘ज्योत आहे’ अशी खोटी ग्वाही देणं जवळपास अशक्य. उलट चूक मात्र होते. काडीवर ऑक्साइडचा आणि धुळीतून, घरातल्या सिलिकॉनयुक्त फवाऱ्यांतून आलेल्या सिलिकाचा पांढुरका थर चढला की प्रवाह घटत जातो आणि एक मायक्रोअँपिअरच्या खाली गेला की बोर्डाला समोरची धडधडीत ज्योत दिसेनाशी होते. गॅस सुटतोय पण पेटत नाही, असं समजून तो व्हॉल्व्ह मिटतो. त्याच्या जागी असतो तर आपणही तेच केलं असतं.

पुण्या-मुंबईच्या गॅस गिझरमध्ये ज्योतीपाशी अशीच एक काडी असते. गिझर क्षणभर पेटून विझतो तेव्हा मेकॅनिक बॅटरी बदलून झाल्यावर तिच्याकडेच वळतो.

सफाई सोपी आहे. फर्नेसशेजारचा मेन स्विच बंद करायचा. तो दिव्याच्या बटणासारखाच दिसतो, पुष्कळदा त्याची पाटी लाल असते. गॅसचा कॉकही बंद करायचा. काडी एकाच स्क्रूने बसवलेली असते. ती हलक्या हाताने काढायची, चिनी मातीच्या दांड्याला धक्का लागू द्यायचा नाही आणि धातूचा भाग बारीक स्टील वूलने किंवा भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने उजळेपर्यंत घासून कोरड्या कागदाने पुसायचा. खरखरीत सँडपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत पुढचा थर आणखी घट्ट बसतो. याच वेळी शेजारच्या इग्नायटरला चुकूनही बोट लागू देऊ नका. तो काचेसारखा ठिसूळ असतो. काडी साफ करूनही दोन आठवड्यांत पुन्हा तेच झालं, तर फर्नेसची अर्थिंगची तार सैल आहे का, फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेत का, हे तपासून घ्यावं लागतं. ज्योतीतला प्रवाह परततो तो बर्नर आणि अर्थिंगच्याच वाटेने, म्हणून ती वाट खराब असली तर काडी कितीही चमकवा, उपयोग शून्य.

इग्नायटर लालच होत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. ज्योत कधी पेटलीच नाही, तेव्हा सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही. पट्टीवर बारीक तडा किंवा पांढरा डाग दिसला की ती गेली समजा.

आता पाच-दहा मिनिटांचं दुखणं. फर्नेस नीट पेटते, ब्लोअर सुरू होतो, खोल्यांत गरम हवा येते, घर अजून थंडच असतं आणि बर्नर विझतात. ब्लोअर चालूच राहतो, जाळीतली हवा हळूहळू कोमट, मग गार होते. काही मिनिटांनी बर्नर पुन्हा पेटतात. इथला पहारेकरी आहे हाय लिमिट स्विच. ज्योतीची उष्णता आणि घरातली हवा यांच्यामध्ये पत्र्याची एक पोकळ भिंत असते, तिला हीट एक्स्चेंजर म्हणतात. आतून ज्वाला आणि बाहेरून वाहती हवा. हवा कमी पडली की पत्रा ठरल्यापेक्षा जास्त तापतो आणि हा स्विच गॅस तोडतो. स्विच निर्दोष असतो, हवा अडलेली असते.

हवा अडण्याचं पहिलं कारण फिल्टर. एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलायचा असतो, हे घराच्या कागदपत्रांइतकं सगळ्यांना ठाऊक असतं आणि तितकंच कपाटात पडून असतं. रोज दोन वेळा फोडणी होणाऱ्या, उदबत्ती लागणाऱ्या घरात एका महिन्याचीच मुदत धरा. तेलाचा धूर आणि धूळ एकत्र आली की फिल्टरवर नमद्यासारखा जाड थर जमतो. दुसरं कारण जरा अनपेक्षित आहे : महागडा फिल्टर. ॲलर्जीसाठी म्हणून मर्व्ह १३ चा दाट विणीचा, एक इंची जाडीचा फिल्टर जुन्या फर्नेसमध्ये घातला की ब्लोअरची दमछाक होते. तितकी गाळणी हवीच असेल तर चार-पाच इंच जाडीच्या फिल्टरची पेटी बसवून घ्यावी.

तिसरं कारण आपल्या काटकसरीच्या वळणातून येतं. गावाकडून आईबाबा येतात, वापरात नसलेल्या दोन खोल्यांमध्ये उगाच गरम हवा जाताना बघतात आणि तिथल्या जाळ्या बंद करून टाकतात. दिवा मालवावा तसं. पण ब्लोअरला ती खोली बंद झाल्याचं कळत नाही. बर्नर तितकाच जळतो, हवा जायला वाट मात्र कमी. बचत तर होत नाहीच, लिमिट स्विच पडायला लागतो. हवा परत घेणाऱ्या मोठ्या जाळीसमोर सोफा किंवा कपाट सरकवलं तरी तोच परिणाम. शिवाय बऱ्याच घरांत फर्नेसच्या डोक्यावर एसीची कॉइल बसवलेली असते. तिच्यात अडकलेला कचरा कुणाच्याच नजरेला पडत नाही, कारण ती डक्टच्या आत असते. फिल्टर नवा, जाळ्या उघड्या, तरी लिमिट पडतच असेल तर संशय कॉइलवर किंवा ब्लोअरच्या दमलेल्या कपॅसिटरवर घ्यावा.

हे घरच्या घरी पडताळायची एक पद्धत मला फार आवडते. फर्नेसच्या आतल्या पाटीवर तापमानवाढीची मर्यादा छापलेली असते, समजा ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट. दहा मिनिटं चालल्यावर फर्नेसमधून निघणाऱ्या हवेचं तापमान घ्यायचं, परत येणाऱ्या हवेचं घ्यायचं आणि वजाबाकी करायची. उत्तर छापलेल्या आकड्याच्या वर गेलं तर हवा कमी पडतेय. स्वयंपाकघरातला मांस किंवा पाक मोजायचा थर्मामीटर यासाठी पुरतो.

तिसरा पहारेकरी प्रेशर स्विच. त्याची वेळ ठरलेली नसते. कधी तो बर्नर पेटूच देत नाही. इन्ड्यूसर घुमत राहतो, इग्नायटर काळाच. कधी वाऱ्याच्या झोतासरशी मधेच गॅस तोडतो. बाहेर जाणारी वाट तुंबली, एवढंच तो सांगत असतो. वाट तुंबण्याची कारणं कुठली, हे फर्नेसच्या प्रकारावर ठरतं. धातूच्या धुराड्याची जुनी फर्नेस साधारण ८० टक्के कार्यक्षम. पांढऱ्या पीव्हीसी नळीची नवी ९० टक्क्यांच्या वर. नव्या फर्नेसने जास्तीची उष्णता कुठून मिळवली? पाण्यातून. मिथेन जळला की पाणी तयार होतं, आणि तेही भरपूर : १६ ग्रॅम मिथेनमधून ३६ ग्रॅम पाणी. ८०,००० बीटीयूची फर्नेस तासभर अखंड चालली तर दीड किलोच्या आसपास गॅस जळतो आणि साडेतीन किलोच्या घरात पाणी जन्माला येतं. जुनी फर्नेस ते वाफ म्हणून धुराड्यातून सोडून देते. नवी ती वाफ दुसऱ्या एका एक्स्चेंजरमध्ये गार करून तिचं पाणी करते आणि वाफेतली उष्णता घरासाठी ठेवून घेते. म्हणूनच तिच्या नळीला हात लावता येतो.

पण मग ते पाणी कुठेतरी जायला हवं. ते किंचित आम्ल असतं, एका बारीक नळीतून नाल्याकडे जातं, वाटेत त्यात शेवाळासारखा गाळ धरतो, आणि पाणी तुंबून इन्ड्यूसरपर्यंत चढलं की प्रेशर स्विच पडतो. नळी थंड गॅरेजमधून गेलेली असेल तर गोठते. फर्नेसमधून पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर आधी ही निचऱ्याची नळी बघा, कोमट पाण्याने धुऊन काढा. आणि हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी फर्नेस बंद पडली असेल तर बेसमेंटमध्ये जाण्याआधी बूट चढवून बाहेर जा. भिंतीतून निघालेल्या दोन पांढऱ्या नळ्यांची तोंडं बर्फाखाली गाडली गेलेली असण्याची शक्यता फार मोठी. बर्फ हाताने बाजूला करावा. फावडं मारलं की नळी तुटते.

इथवर घरच्या माणसाचं काम. पुढचा पहारेकरी बोलला की मात्र खुर्चीवरून उठायचं. बर्नरांच्या आसपास एक-दोन छोटे स्विच असतात, त्यांच्या मधोमध दाबायचं बटण असतं. हे रोलआउट स्विच. ज्योत आपली जागा सोडून बाहेर आली तरच ते पडतात आणि आपोआप परत जोडले जात नाहीत. बटण दाबलं की फर्नेस सुरू होते, हीच त्यातली भुरळ. ज्योत बाहेर का आली? एक्स्चेंजरला तडा गेला असेल, धुराची वाट बंद असेल. दोन्हीत कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने घेतलेले बळी महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात वाचायला मिळतात, त्यामागे हाच वायू असतो. घरातल्या सगळ्यांचंच एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, तर फर्नेस दुरुस्त करत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. याच कारणाने कुठलाही स्विच तार जोडून टाळणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, मग तो सल्ला कितीही अनुभवी माणसाने दिलेला असो.

गॅसचा वास आला तरही तेच : दिव्याचं बटणसुद्धा न दाबता बाहेर. हा वास गॅसचा स्वतःचा नाही, मुद्दाम मिसळलेला असतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेखाली वास नसलेला गॅस गळून साचत राहिला. कार्यशाळेतल्या विजेच्या सँडरची ठिणगी पडली आणि सुमारे तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणं कायद्याने सक्तीचं केलं आणि इतरांनी तो कित्ता गिरवला.

उरलं ते कमी धोक्याचं, पण खर्चिक दुखणं. फर्नेस पेटते, चार-पाच मिनिटांत थर्मोस्टॅटचं समाधान करते, बर्नर विझतात आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतात. इथे कुणीच पहारेकरी बोललेला नसतो. थर्मोस्टॅट गरम हवेच्या जाळीसमोर किंवा दुपारच्या उन्हात असेल तर तो घराचं नाही, स्वतःचंच तापमान वाचत बसतो. तो योग्य जागी असेल तर फर्नेसच घराच्या मानाने मोठी आहे. ‘थंडी फार असते, मोठीच घ्या’ हा विक्रेत्याचा आवडता सल्ला. नवी बसवताना घराच्या भिंती, खिडक्या, आकार धरून केलेला हिशेब मागा. त्याला इथे मॅन्युअल जे म्हणतात. तो न करता जुन्या फर्नेसवरचा आकडा बघून भाव सांगणाऱ्याला माझा तरी नकारच असेल. वास्तविक लागेल तिथे लागेल तेवढीच उष्णता द्यायची, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय महिलेला २३ डिसेंबर १९१९ रोजी गॅसच्या फर्नेसचं पेटंट मिळालं, त्यात वेगवेगळ्या भागांसाठी स्वतंत्रपणे नियंत्रित करता येणारे बर्नर होते.

मेकॅनिकला बोलवायची वेळ आली तर बोलवा, पण रिकाम्या हातांनी नको. बोर्डावर एक छोटा दिवा लुकलुकत असतो. किती वेळा लुकलुकतो आणि मधे किती थांबतो ते लिहून घ्या, अर्थ झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. मेन स्विच बंद करण्याआधीच हे करा, नाहीतर काही बोर्ड ती खूण विसरतात. झाकण नीट बसलंय का तेही बघा, कारण खालच्या झाकणामागे एक बटण असतं आणि ते दाबलं गेलं नाही तर फर्नेस मेल्यासारखी पडून राहते. फिल्टर बदलल्यावर लगेच बंद पडलेल्या फर्नेसचं कारण बरेचदा हेच निघतं. फोनवर ‘चालत नाही’ म्हणण्याऐवजी ‘पेटल्यावर पाच सेकंदांनी विझते, दिवा तीनदा लुकलुकतो’ असं सांगितलं की येणारा माणूस नेमका भाग गाडीत घालून येतो.

तो येईपर्यंत गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून घर तापवू नका, बार्बेक्यूची कोळशाची शेगडी आत आणणं तर मुळीच नको. विजेचा हीटर लावायचा तर थेट भिंतीतल्या सॉकेटला, एक्स्टेन्शनला नको, आणि पडद्यांपासून तीन फूट लांब. बाहेर पारा फारच खाली असेल तर सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवा. फर्नेस उद्या दुरुस्त होते, गोठून फुटलेली पाण्याची नळी मात्र पूर्ण बेसमेंट भिजवून जाते.